रेवतीनं वाढलेला केक

लग्नाचा केक नवरा-नवरी कापतात असं सगळ्यांना वाटतं. ते दोघं कापतात एक तुकडा. तो एकमेकांच्या तोंडात घालतात, फोटोवाला "अजून एकदा" म्हणतो म्हणून पुन्हा घालतात, मग हात पुसून पाहुण्यांना भेटायला लागतात. अख्खा केक तसाच राहतो. तो मोडायचा, बशीबशीत घालायचा आणि हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायचा, हे काम मी सोलापुरात केलं. केलं म्हणजे पोट त्यावरच भरलं.

माझं गाव दुधनी. घरात कानडी, शाळेत मराठी. सोलापूरला आलो तेव्हा नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या एका बेकरीत काउंटरवर उभा राहिलो. पुढं पाव, खारी, नानकटाई, मागं भट्टी. लग्नाचे केक तेव्हा फक्त ख्रिस्ती घरांतून मागवले जायचे. एकदा केक वाढणारा माणूस आजारी पडला आणि मालकांनी मला त्याचा पांढरा कोट घालून पाठवून दिलं. कोट मला ढगळ होता, पण हात स्थिर निघाला. त्यानंतर मला दुसरं काम कुणी सांगितलं नाही. गावाकडे वडील विचारायचे, "येन केलसा माडती?" म्हणजे काम काय करतोस. मी सांगायचो, लग्नात केक कापतो. ते थोडा वेळ विचार करायचे आणि म्हणायचे, "आणि बाकीच्या दिवशी?"

बाकीच्यांनाही तोच प्रश्न पडतो, म्हणून सांगतो. केक कापायला अक्कल लागत नाही असं वाटतं ते वाढदिवसाच्या केकमुळे. घरातला केक भाकरीसारखा गोल, तो मधून कडेपर्यंत त्रिकोणी कापला की झालं. लग्नाचा केक तसा कापला तर पहिल्या दहा माणसांना पोटभर मिळतो आणि बाकीचे बघत बसतात. लग्नाच्या केकला आधी वरची फुलं, बाहुली, साखरेचे मणी काढून ठेवायचे. मग मजले उतरवायचे, वरचा आधी. प्रत्येक मजल्याखाली पुठ्ठा असतो आणि आत आधाराच्या काड्या. त्या काड्या एकूण एक काढायच्या, कारण एखादी आत राहिली तर ती बरोबर व्याह्यांच्याच दाताखाली येते. त्यानंतर गोल केकच्या आत, कडेपासून दोन बोटं सोडून, दुसरा गोल काप द्यायचा. बाहेर एक कडं सुटं होतं. त्या कड्याचे आडवे तुकडे पाडायचे. ते संपलं की आतला गोल, पुन्हा तसंच.

सुरी लांब आणि पातळ लागते. शेजारी गरम पाण्याचा जग आणि फडकं. प्रत्येक कापानंतर सुरी बुडवायची, पुसायची. एवढं केलं की तुकड्याच्या अंगाला आदल्या तुकड्याचा चुरा लागत नाही. तुकडा उचलताना खाली सुरीचं पातं, बाजूला दोन बोटं, आणि बशीत ठेवताना आडवा निजवायचा. उभा ठेवला की माणूस चालायला लागल्यावर तो पडतो.

वाढायची माझी पद्धत मालकांना पटायची नाही. ते म्हणायचे, पुढच्या रांगेपासून सुरू कर. मी आधी ज्यांना उठता येत नाही त्यांच्याकडे जायचो. कडेला खुर्चीत बसवून ठेवलेली म्हातारी माणसं, मांडीवर बाळ झोपलेल्या बायका. पुढच्या रांगेतल्यांना केक मिळतोच.

पुढं दिवस बदलले. सगळ्यांच्याच रिसेप्शनला केक आला. बिनअंड्याचे केक सुरू झाले तेव्हा आमचे लिंगायत पाहुणेही मागवायला लागले. मी स्वतः अंडं खात नाही, त्यामुळे इतकी वर्षं जे वाढत होतो ते तेव्हा कुठं चाखलं. आता तर केक असा उंच असतो की स्टूल घ्यावं लागतं, आणि त्यातले खालचे मजले थर्माकोलचे. वरून क्रीम, आत पॅकिंगचा माल. नवरा-नवरीला सांगून ठेवावं लागतं, हितंच कापा, तिकडं सुरी घालू नका. मला ते कधी आवडलं नाही.

आणि सोलापूरचं ऊन. एकदा उन्हाळ्यात नातेपुत्याला केक गेला. टेंपोत वरच्या मजल्याचं खोकं मी मांडीवर लेकरासारखं धरून बसलो होतो, तरी पोचेपर्यंत एका अंगाचं क्रीम खाली उतरलं. ती बाजू भिंतीकडे केली, वर गुलाबाच्या पाकळ्या लावल्या, निभावलं. खरी पंचाईत पुढंच होती. केक पै-पाहुण्यांपुरता आणि मुलाच्या वडिलांनी अख्ख्या गावाला आवतण दिलेलं. लोक प्रसादाला लागावी तशी रांग लावून उभे. मी बोटाएवढे तुकडे पाडायला लागलो. एका फेटेवाल्या म्हाताऱ्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, क्रीम बिघडलं. शेवटी म्हणाले, "लई मऊ हाय की. दात नसलं तरी चालतंय." आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले.

अशा गमती पुष्कळ. माझी बायको महादेवी हयात असताना मी घरी येऊन त्या सांगायचो आणि ती स्वयंपाक करता करता हसायची. तिनं मला काम करताना कधी पाहिलं नाही, याची रुखरुख वाटते. लोकांच्या लग्नात मी बायकोला कसा नेणार? पण रेवतीच्या लग्नात ती असायला हवी होती.

रेवती पहिल्यांदा आली ती दुपारी, बेकरीत गिऱ्हाईक नसताना. सोबत तिची आई, सुनंदाबाई. आईनं मुलीचा दंड घट्ट धरला होता आणि पायरी आली, डावीकडं टेबल आहे, असं बारीक आवाजात सांगत तिला आत आणत होती. मुलगी आंधळी आहे हे तेव्हा कळलं. लहानपणी तापात डोळे गेले होते. शिकलेली होती, एका बँकेत फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करायची, आणि आता लग्न ठरलं होतं. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा. सागर त्याचं नाव. तो डोळस.

"केक हवाय," सुनंदाबाई म्हणाल्या. "लहानच. बिनअंड्याचा. आणि अण्णा, एक करा. तो आधीच कापून ठेवा. तुकडे जवळजवळ लावा आणि वरून क्रीम फिरवा. म्हणजे हिनं नुसता हात लावला की झालं."

मुलगी हसली. "आई, मग केक कशाला? पावच ने की. तो कापलेलाच असतो."

आईनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. "हिला सुरीची सवय नाही," मला म्हणाल्या.

"सवय नाही म्हणजे, हातात दिलीच नाही कधी," रेवती म्हणाली. रागानं नाही; पावसाळा आहे म्हणावं तसं.

मी विचारलं, का. विचारायला नको होतं बहुतेक. सुनंदाबाईंनी मुलीचा डावा हात उचलला आणि उघडून मला दाखवला. तळव्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पांढरा वण. रेवती शाळेत जायच्या आधीची गोष्ट. आई विळीवर भेंडी चिरत बसलेली, दारावर थाप पडली. "मी फक्त दार उघडायला गेले हो," सुनंदाबाई म्हणाल्या. तेवढ्यात लेक आईला शोधत चाचपडत आली आणि हात पात्यावर पडला. त्या दिवशी विळी माळ्यावर गेली ती पुन्हा खाली आली नाही. सुरीही उंच कपाटात. जेवताना पोळीचा तुकडासुद्धा कितीतरी वर्षं आईच मोडून देत होती.

मी ऑर्डर लिहून घेतली. कापून ठेवायचं की नाही यावर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

दोन-चार दिवसांनी रेवती पुन्हा आली, सागरच्या मोटरसायकलवर. त्यानं तिचा दंड धरला नव्हता. त्यानं नुसतं कोपर पुढं केलं होतं आणि ते तिनं धरलं होतं. हा फरक मला तेव्हा नुसता दिसला, समजला नंतर.

"अण्णा, मला केक कापायला शिकवा," ती म्हणाली.

"आई?"

"आईला सांगितलं नाही." मग म्हणाली, "पहिला तुकडा मला आईला द्यायचाय. मी कापून, मी बशीत घालून, मी नेऊन. आजपर्यंत मला तिनंच वाढलंय. पाण्याचा पेला पण मी तिला दिलेला तिला चालत नाही, सांडेल म्हणते. लग्न होऊन मी जाणार. जायच्या आधी एकदा तरी तिला वाढायचंय मला."

मी सागरकडं पाहिलं. तो म्हणाला, "सुरीला दोघांचा हात असतोय ना? मी नुसता हात ठेवीन. जोर तिचा."

भट्टीवर इस्माईलभाई होते. त्यांनी काही न विचारता साध्या केकची एक लादी काढून थाळीत घालून टेबलावर ठेवली.

मी शिकवायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला शिकवता येत नाही. मी म्हणायचो, "इथनं घे, असा तिरका," आणि इथनं म्हणजे कुठनं हे तिला कसं कळणार? तीच म्हणाली, "अण्णा, तुम्ही डोळे मिटा आणि एक तुकडा कापा. काय काय शोधावं लागतंय ते मला सांगा."

मी डोळे मिटले. सुरी टेबलावर आपटली, मग केकच्या कडेला भोसकली, आणि जो तुकडा निघाला त्याला तुकडा म्हणवेना. इस्माईलभाई भट्टीकडून ओरडले, "क्या अण्णा, उंदीर खाया क्या?" रेवती एवढी हसली की तिला टेबलाला धरावं लागलं.

पण त्यातून कळलं. आधी थाळीची कड शोधायची, डाव्या हातानं. तिथून बोटं आत नेली की केकचं अंग लागतं. मग उलट्या बोटानं वरपर्यंत, म्हणजे उंची कळते. केकचा मध्य सापडायला मी साखरेची एक कळी मधोमध बसवली. सुरीचं टोक कळीशी टेकवायचं आणि पातं खाली सोडायचं. दाबायचं नाही, मागंपुढं ओढत न्यायचं. केक संपला आणि थाळी लागली की आवाज बदलतो. तो आवाज मी रोज ऐकत होतो, पण माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. तिनं पहिल्याच कापाला ओळखला. डावा हात पात्याच्या वाटेत येऊ नये म्हणून बोटं आत मुडपून ठेवायची. हे मात्र तिला सारखं सांगावं लागायचं. सुरी जवळ आली की तो वणाचा हात आपोआप पाठीमागं जायचा.

"हात पुढं ठेव," मी म्हणायचो. "तो नसला तर केक सरकतो."

"कळतंय अण्णा. हाताला कळत नाही."

ती बँक सुटल्यावर येत राहिली. तुकडे आधी पाचरीसारखे यायचे, एकीकडं जाड, एकीकडं पातळ. नंतर नीट यायला लागले. कापलेलं सगळं बेकरीतली माणसं खायची. एक दिवस इस्माईलभाई तिचा तुकडा उचलून निरखत म्हणाले, "अण्णा, तुमारेसे सीधा काटरी ये बच्ची." मी म्हटलं, माझ्यापेक्षा सरळ असेल, पण माझ्यासारखा भराभर नाही. एवढा मान मी राखून ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुनंदाबाई एकट्याच आल्या. आत आल्या आणि काउंटरपाशी उभ्या राहिल्या.

"मला कळलंय," म्हणाल्या. "तिच्या ओढणीला रोज क्रीम लागलेलं असतं. मी काही बोलले नाही." मग एकदम म्हणाल्या, "अण्णा, एवढं करा. सुरी बोथट द्या. अगदी बोथट."

"बोथट सुरीनंच हात कापतो," मी म्हटलं. "तिला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती सटकते. धारेची सुरी आपली आपण खाली जाते."

त्यांचा चेहरा उतरला. एवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर त्या आल्या होत्या.

"मग मी काय करू?"

सुचलं ते बोललो. "तुम्ही पुढच्या खुर्चीत बसा आणि उठू नका."

"उठू नको?"

"काही झालं तरी."

त्या म्हणाल्या, "सोपं सांगितलंत," आणि पदर सावरून निघून गेल्या.

रिसेप्शन होटगी रस्त्याच्या एका लॉनवर होतं. संध्याकाळची वेळ, ऊन उतरलेलं. सागरच्या घरच्यांनी केक मोठा करायला सांगितला होता, दोन मजली, सगळा खराखुरा. मी तो स्वतः टेबलावर मांडला, वर कळी बसवली आणि गरम पाणी आणायला स्वयंपाकाच्या मांडवात गेलो. परत येतो तो सजावटवाल्यांनी माझ्या मागं आपलं काम केलेलं. थाळीच्या कडेनं गुलाब-शेवंतीचा जाड हार, केकवर चमकीची नावं, आणि कळीच्या जागी फुलबाजी खोचलेली. फोटोत छान दिसणार होतं. रेवतीला मात्र तिथं काहीच सापडलं नसतं.

हार काढायला मी हात घातला तोवर माईकवाल्यानं नवरा-नवरीला बोलावलं. फुलबाजी पेटली, लोक स्टेजवर चढले. गाणं इतक्या जोरात लागलं की माझा मला आवाज ऐकू येईना. रेवतीनं डावा हात पुढं केला, कड शोधायला. हाताला फुलं लागली. ती थांबली. पुन्हा चाचपलं, पुन्हा फुलं. सुरी तिच्या उजव्या हातात, वर सागरचा हात. माणसं बघत होती आणि ती तशीच उभी.

"आरं, धरा की कुणीतरी तिचा हात!" मागून कुणी ओरडलं. तिचे मामा पुढं झाले. भला माणूस. माळशिरसकडचे शेतकरी, भाचीवर जीव. "आण बाळ, मी कापतो. घाबरू नगं," म्हणत त्यांनी तिचं मनगट धरलं आणि सुरी खाली दाबायला लागले. सागर म्हणाला, "मामा, थांबा," पण त्यांना ऐकू गेलं नाही.

रेवतीनं हात ताठ केला. "मामा, हात सोडा."

गाणं नेमकं त्या वेळी संपलं असेल किंवा कुणी बंद केलं असेल, मला माहीत नाही. पण समोर माईक होता आणि ते सगळ्या लॉनला ऐकू गेलं. मामा ओशाळले. तरी त्यांची पकड सुटेना, भीतीनं. "लागंल की गं तुला," म्हणाले. आणि त्यांनी खाली पाहिलं, बहिणीकडं. सुनंदा, तू सांग हिला, अशा नजरेनं.

मीही तिकडं पाहिलं. सुनंदाबाई पहिल्या रांगेत होत्या. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरलेले. नवी साडी, कपाळावर घाम. त्या अर्धवट उठल्या होत्या. मला वाटलं, संपलं. मग त्या खाली बसल्या. मुद्दाम, दिसेल अशा बसल्या.

"सोड दादा," म्हणाल्या. "कापू दे तिला."

मामांनी हात काढून घेतला. मी तेवढ्यात पुढं होऊन हार उचलला, विझलेली फुलबाजी उपटली आणि रेवतीला म्हटलं, "कड मोकळी आहे. कळी गेली, मध्याशी फुलबाजीचं भोक आहे, ते धर."

तिनं मान हलवली. डाव्या हातानं थाळीची कड घेतली. बोटं आत, अंग, उंची. मध्याचं भोक सापडलं. टोक टेकवलं. डावा हात केकपाशीच राहिला, बोटं मुडपलेली. सुरी खाली गेली आणि वरच्या मजल्याच्या पुठ्ठ्याला लागली. दुसरा काप. तुकडा सुटा झाला. सागरचा हात वर होता, पण नुसता, पान ठेवावं तसा.

लोक टाळ्या वाजवायला लागले, फोटोवाला म्हणाला, "आता सरांना भरवा." तिनं ऐकलं नाही. पात्यावर तुकडा घेतला, बाजूला दोन बोटं लावली, बशीत निजवला. मग डाव्या हातानं सागरचं कोपर धरलं, उजव्या हातात बशी, आणि ती स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागली. बशी जरा कलली. तुकडा कडेपर्यंत सरकला. सगळ्यांना दिसलं. सुनंदाबाईंना तर दिसलंच. त्यांची बोटं खुर्चीवर पांढरी पडली होती. त्या हलल्या नाहीत. रेवतीला बशीचा भार एका बाजूला गेलेला कळला असावा, तिनं ती सावरली.

"आई?"

"इथं आहे."

आवाजाच्या दिशेनं ती आली आणि वाकली. तुकडा मोडून आईच्या तोंडाशी नेला. थोडं क्रीम आईच्या नाकाला लागलं. सुनंदाबाईंनी खाल्लं. सगळे थांबले होते, बाई रडणार म्हणून. त्या म्हणाल्या, "गोड जरा जास्त झालंय," आणि मग मायलेकी एकमेकींना धरून हसत-रडत राहिल्या. मी टेबलाशी उभा राहून उगाच सुरी पुसत होतो.

इथं माझं काम सुरू व्हायचं. मी केक बाजूच्या टेबलावर घेतला, वरचा मजला उतरवला, काड्या काढल्या. तोवर रेवती आली. "उरलेला कोण कापणार?"

"मी की. दरवेळी मीच."

"मला द्या थोडा."

मी नवरीला सांगून पाहिलं, साडीला लागेल, लोक भेटायला थांबलेत. ती म्हणाली, "केक घ्यायला येतील तेव्हा भेटतील." मग आम्ही वाटून घेतलं. गोल काप मी द्यायचो आणि कड्याचे आडवे तुकडे ती पाडायची. मी बशा धरायचो. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्याकडं सागर बशा घेऊन गेला. बाकीच्यांची रांग लागली.

पहिल्या बाई पुढं आल्या आणि गप्प उभ्या राहिल्या. नेहमी तसंच असतं, लोक येतात, बशी घेतात, जातात. रेवती म्हणाली, "कोण आहे, सांगा की. मला दिसत नाही." बाई गोंधळल्या, म्हणाल्या, "मी तुझ्या सासूची मावसबहीण, शकुंतला." रेवतीनं त्यांना नमस्कार केला, तुकडा कापला, दिला. मागच्यानं ऐकलं होतं, त्यानं आपणहून नाव सांगितलं. मग सगळ्यांनीच. कुणी बँकेतलं, कुणी कारखान्यातलं. एकानं आपली गाडी कुठं लावली तेही सांगितलं. मामा आले. "मी मामा." रेवती म्हणाली, "मनगटानं ओळखलं," आणि त्यांना मोठा तुकडा दिला. ते तुकड्याकडं बघत म्हणाले, "बेस कापलास गं," आणि डोळे पुसत गेले. मी एवढ्या लग्नांत केक वाढला, पण रांगेतल्या माणसाचं नाव मला कधी कळलं नव्हतं आणि विचारावंसं वाटलंही नव्हतं. त्या संध्याकाळी सगळी कळली.

रांग शेवटाकडं आली. मंडपवाले, भांडी घासणाऱ्या बायका, वाजंत्रीवाले. मधेच एक बाई समोर येऊन थांबल्या आणि बोलेनात. माझ्या हातात बशी होती. मी तोंड उघडणार, तर त्यांनी मला नको म्हणून मान हलवली.

"कोण?" रेवतीनं विचारलं.

"मी सुनंदा."

रेवतीची सुरी थांबली. आईचं नाव आईच्याच तोंडून तिनं क्वचितच ऐकलं असेल. "आई? तू रांगेत कशाला उभी राहिलीस? मघाशी दिला की तुला."

"तो आईला दिलास," सुनंदाबाई म्हणाल्या. "आता सगळ्यांना देतीयस तसा दे."

रेवतीनं कड चाचपली, सुरी टेकवली आणि तुकडा पाडला. उचलला, बशीत निजवला, बशी पुढं धरली. सुनंदाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. मला वाटलं, आता त्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवतील, काहीतरी बोलतील. पण मागं वाजंत्रीवाले ताटकळले होते. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि त्यांना वाट देऊन बाजूला झाल्या.